रोज पंधरा च्युइंगम: जबडा, पोट, आणि हे मुळात आहे तरी काय?

रात्रपाळी

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण एकदाच सगळं नीट लिहितो.

मी सर्व्हर सांभाळायच्या कामात आहे. गेली दोन वर्षं बहुतेक रात्रपाळीच असते. सिगारेट सोडली त्या आठवड्यात तोंडाला चाळा म्हणून च्युइंगम धरलं. सिगारेट सुटली ती सुटलीच, पण च्युइंगम काही सुटेना. परवा मुद्दाम मोजलं, चोवीस तासांत पंधरा गोळ्या झाल्या. शुगर-फ्री, पुदिन्याच्या. एकीची चव गेली की ती कागदात गुंडाळायची आणि दुसरी तोंडात टाकायची. उठल्यावर तोंड धुतलं की पहिली, झोपायला जाताना शेवटची.

दोनेक महिन्यांपासून सकाळी पहिली जांभई दिली की उजव्या कानापाशी 'कट्' असा आवाज येतो. दुखत नाही, पण आवाज बाहेर ऐकू जावा इतका मोठा असतो. पाळी संपत आली की दोन्ही कानशिलं ठणकायला लागतात. आणि पोट सतत फुगलेलं, गुडगुडणारं. पोटाचं खापर मी जागरणावर फोडत होतो.

दुसरी गोष्ट मुलीची. ती नऊ वर्षांची आहे. गेल्या रविवारी माझ्या पाकिटातली गोळी घेतली आणि हसता हसता गिळली. शाळेत कुणीतरी तिला सांगितलंय की गिळलेलं चिंगम सात वर्षं पोटात चिकटून राहतं. पोरगी रात्री रडत उठली आणि विचारते, "बाबा, मी सोळा वर्षांची होईपर्यंत ते आतच राहणार का?" मी "नाही गं" म्हणालो खरा, पण मला नक्की माहीत नव्हतं. पाकीट वाचलं तर त्यावर 'गम बेस' एवढे दोनच शब्द. म्हणजे नेमकं काय, ते कुठेच लिहिलेलं नाही. दोन वर्षं दिवसरात्र जे चघळतोय ते काय आहे हेच मला ठाऊक नाही, याची त्या रात्री फार टोचणी लागली.

तेव्हा जाणकारांनी सांगा: हे आलं कुठून, बनतं कशाचं, आणि माझ्या जबड्याचं आणि पोटाचं जे चाललंय ते यामुळेच आहे का?

दातांची_डॉक्टर

आधी तुमच्या लेकीचं. तिला आज झोपायच्या आधी सांगा की ती गोळी एव्हाना बाहेर पडलेलीसुद्धा आहे. गम बेस पोटात पचत नाही, हे खरं. पण पचत नाही म्हणजे चिकटून बसतं असं नाही. फळाच्या न पचणाऱ्या बिया जशा आतड्यातून पुढे सरकत जातात, तसंच हेही दोन-चार दिवसांत शौचावाटे जातं. सात वर्षांची गोष्ट मी लहानपणी ऐकली होती, माझ्या पेशंटांची मुलं आजही ऐकतात. मात्र गिळायची सवय लागू देऊ नका. १९९८ साली 'पीडियाट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात काही मुलांच्या हकिकती छापून आल्या होत्या. त्यातला साडेचार वर्षांचा एक मुलगा रोज पाच ते सात गोळ्या गिळायचा. त्यांचा आतड्याच्या शेवटी गोळा झाला आणि तो डॉक्टरांना काढावा लागला. म्हणून पाच वर्षांखालच्या मुलांना हे देऊच नये, आणि मोठ्यांना 'थुंकायचं, गिळायचं नाही' हे आधी शिकवावं. एकदा चुकून गिळलं तर काहीही होत नाही.

आता तुमचा जबडा. मी २६ वर्षं लोकांची तोंडं बघतेय, आणि तुमचं वर्णन वाचताना हात आपोआप माझ्याच कानापाशी गेला. आरशासमोर उभे राहा. दोन्ही तर्जन्या कानाच्या छिद्राच्या अगदी समोर, गालावर ठेवा आणि तोंड सावकाश उघडा. बोटांखाली दोन गोट्या पुढे सरकल्यासारख्या लागतील. तो तुमचा जबड्याचा सांधा. त्यात हाडाच्या दोन टोकांमध्ये एक पातळ, चिवट चकती असते. स्नायू सतत ओढलेले राहिले की ही चकती जागेवरून थोडी पुढे घसरते. तोंड उघडताना हाड तिच्यावर परत चढतं, आणि तोच तुमचा 'कट्'. उजवीकडेच आवाज येतोय म्हणजे चावायची तुमची एक ठरलेली बाजू असणार. बहुतेकांची असते, त्यांच्या लक्षात येत नाही इतकंच.

आता दात घट्ट आवळा आणि तळवा गालावर, मग कानशिलावर ठेवा. जे टणक होतं ते चावायचे स्नायू. तुमची कानशिलं ठणकतात ती तिथेच. पंधरा गोळ्या, प्रत्येकी वीस-पंचवीस मिनिटं धरली तरी पाच-सहा तास होतात. जेवण चावून झालं की हे स्नायू सैल पडायला हवेत. तुम्ही त्यांना ती उसंतच देत नाही आहात.

माझ्याकडे एक पंधरा वर्षांची मुलगी आली होती. आईने तिचे डोळे तपासून घेतले होते, चष्म्याचा नंबर निघाला नव्हता, आणि डोकं मात्र रोज दुखायचं. दाढा बघताना मी सहज विचारलं, तर अभ्यासाला बसली की सलग तीन-चार तास तिच्या तोंडात च्युइंगम असायचं. औषध काही दिलं नाही, फक्त महिनाभर ते बंद करायला सांगितलं. महिन्याने आली ती डोकेदुखीचं नाव न काढता, दाढेच्या पुढच्या कामाची वेळ ठरवायला. हा काही माझ्या एकटीचा अनुभव नाही. इस्रायलमधल्या डॉक्टरांनी रोज च्युइंगम चघळणाऱ्या, डोकेदुखीच्या ३० मुलामुलींना महिनाभर ते बंद करायला लावलं होतं. त्यातल्या २६ जणांना बराच आराम पडला आणि १९ जणांची डोकेदुखी पूर्ण थांबली. ज्यांनी पुन्हा सुरू केलं त्यांची आठवडाभरात परत आली. अभ्यास लहान आहे, पण मी खुर्चीत जे बघते त्याच्याशी तो अगदी जुळतो.

पोटाचं कोडं तर पाकिटावरच लिहिलेलं आहे. घटकांत 'सॉर्बिटॉल' असेल, बघा. ही गोडी आतड्यात पूर्ण शोषली जात नाही. ती पाणी ओढून घेते आणि मोठ्या आतड्यातले जिवाणू ती आंबवून वायू तयार करतात. एका गोळीत साधारण सव्वा ग्रॅम धरलं तर तुमच्या पोटात रोज १८-१९ ग्रॅम जातंय. पाच ते वीस ग्रॅमपर्यंत वायू, फुगारा, कळा, आणि त्याच्या वर गेलं की जुलाब. २००८ साली बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या डॉक्टरांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये दोन पेशंटांची हकिकत छापली. २१ वर्षांच्या एका तरुणीला महिनोन् महिने जुलाब होत होते आणि तिचं वजन ४१ किलोच्याही खाली आलं होतं. सगळ्या तपासण्या झाल्या, आजार सापडेना. शेवटी खाण्यापिण्याची बारीक चौकशी केली तेव्हा कळलं की ती रोज १८ ते २० ग्रॅम सॉर्बिटॉल च्युइंगममधून घेत होती. ते बंद केलं आणि ती बरी झाली. तुमचा आकडा तोच आहे, दादा. जागरणाला दोष देण्याआधी हे बंद करून बघा.

हे सगळं वाचून च्युइंगम म्हणजे विष असं समजू नका. मी स्वतः काही पेशंटांना ते सांगते. जेवणानंतर तोंडातले जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात. पीएच म्हणजे आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त. तो साडेपाचच्या खाली गेला की दाताच्या वरच्या थरातलं खनिज विरघळायला लागतं. यावर आपल्याकडे एकच घरचं औषध आहे, लाळ. ती आम्ल धुऊन टाकते, त्याचा जोर मारते आणि दाताला कॅल्शियम, फॉस्फेट परत देते. च्युइंगम तोंडात टाकलं की पहिल्या काही मिनिटांत लाळ एरवीच्या दसपट सुटते, वीस मिनिटांनी दुप्पट-तिप्पट राहते. शुगर-फ्री असेल तर फायदा निव्वळ. झायलिटॉलचं असेल तर आणखी एक गोष्ट होते: कीड लावणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस म्युटान्स या जिवाणूला ती गोडी पचवताच येत नाही. फिनलंडमधल्या टुर्कू इथे १९७२ पासून यावर मोठं काम झालं आणि १९७५ साली तिथे झायलिटॉलचं च्युइंगम बाजारातही आलं. ज्यांना औषधांमुळे तोंड कोरडं पडतं अशा म्हाताऱ्या माणसांना मी ते आवर्जून सांगते. मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर झोपलेली आतडी लवकर जागी व्हावीत म्हणूनही पेशंटला च्युइंगम चघळायला देतात, कारण तोंड हललं की पोटाला वाटतं जेवण येतंय.

म्हणजे गुण आहे तो लाळेत. ती काढून घ्यायला जेवणानंतरची एक गोळी आणि वीस मिनिटं पुरतात. सहाव्या तासाच्या चघळण्याने दाताला काही मिळत नाही, सांधा मात्र झिजतो.

तोंड उघडल्यावर उभी तीन बोटं दातांमध्ये मावत नसतील किंवा जबडा अडकत असेल तर इथे विचारत बसू नका, जवळच्या दंतवैद्याला दाखवा.

झाडपाला

डॉक्टरांनी तब्येतीचं सांगितलं, मी 'आलं कुठून' याचं सांगतो. या विषयाने मला गेली कित्येक वर्षं पछाडलंय, आणि त्याचं कारण एक झाड आहे.

तुम्ही विचारलंत बनतं कशाचं. पिढ्यान् पिढ्या ते ज्याचं बनत होतं ते झाड तुम्ही ओळखता: चिकू. शास्त्रीय नाव मनिलकारा झपोटा. कच्चा चिकू कापला की सुरीला आणि बोटांना जो पांढरा चीक चिकटतो आणि साबणानेही हटत नाही, तोच. हे झाड मूळचं मेक्सिकोच्या युकातानपासून ग्वाटेमाला, बेलीझपर्यंतच्या जंगलातलं. तिथले प्राचीन माया लोक त्याचा वाळलेला चीक चघळायचे, मेक्सिकोतले ॲझ्टेक लोकही चघळायचे. ॲझ्टेकांच्या नाहुआट्ल भाषेत त्याला 'त्सिक्त्ली' म्हणत, त्यावरून स्पॅनिशमध्ये 'चिक्ले' झालं. आपला 'चीक' आणि त्यांचा 'चिक्ले' हा निव्वळ ध्वनीचा योगायोग, पण मला तो फार आवडतो.

सोळाव्या शतकात बर्नार्दिनो दे साहागून या स्पॅनिश धर्मोपदेशकाने ॲझ्टेकांच्या चालीरीती लिहून ठेवल्या. त्यात च्युइंगमचे सामाजिक नियम आहेत! अविवाहित मुलींनी चारचौघांत चघळलेलं चालायचं. लग्न झालेल्या बायका आणि विधवा चघळायच्या, पण लोकांसमोर नाही. पुरुष दात साफ करायला चघळायचे, तेही चोरून. तोंड हलवत लोकांसमोर उभं राहणं असभ्य, ही भावना इतकी जुनी आहे.

चिक्ले काढायचं काम मी फक्त वाचलंय आणि चित्रफितींत पाहिलंय, पण ते डोळ्यांसमोरून जात नाही. काढणाऱ्याला चिक्लेरो म्हणतात. पावसाळ्यात, जेव्हा चीक जोरात वाहतो, तेव्हा तो कमरेला दोर बांधून खोडावर चढतो आणि कोयत्याने खालून वर नागमोडी चिरा पाडत जातो. घाव साल ओलांडून आतल्या जिवंत थरापर्यंत गेला तर झाड मरू शकतं. वरवर पडला तर चीक येत नाही. हाताचा अंदाज हेच सगळं कसब. पांढरा ओघळ एका चिरेतून दुसरीत उतरत बुंध्याशी बांधलेल्या पिशवीत जमतो. एका झाडाचा एका वेळचा चीक जेमतेम किलोभर, आणि मग त्या झाडाला पुढची काही वर्षं हात लावायचा नाही. गोळा झालेला चीक मोठ्या कढईत सतत ढवळत आटवायचा आणि विटेसारखे ठोकळे पाडायचे.

या माणसांची किंमत कुणी मोजली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. जंगलातल्या वाळूमाशीच्या चाव्यातून त्यांना लेशमानिया या परजीवीचा संसर्ग व्हायचा आणि कानाची पाळी हळूहळू झडून जायची. वैद्यकाच्या पुस्तकांत त्या व्रणाचं नावच 'चिक्लेरोचा व्रण' आहे. दुसरीकडे, जंगलात बुडालेल्या कितीतरी माया अवशेषांचा पत्ता या धंद्यामुळेच लागला. कालाकमुल हे प्रचंड नगर १९३१ च्या डिसेंबरात विमानातून दिसलं ते सायरस लंडेल या वनस्पतीशास्त्रज्ञाला, आणि तो काम करत होता चिक्ले कंपनीसाठी.

कारखान्यातलं च्युइंगम मात्र अमेरिकेतलं. १८४८ साली मेन राज्यात जॉन कर्टिसने स्प्रूस झाडाच्या राळेचं च्युइंगम विकायला काढलं. २८ डिसेंबर १८६९ ला ओहायोतल्या विल्यम सेम्पलने च्युइंगमचं अगदी सुरुवातीचं एक पेटंट घेतलं, आणि डॉक्टरांना हे आवडेल, तो दंतवैद्य होता. त्याने ते विकलं मात्र कधीच नाही. विकलं थॉमस ॲडम्सने. मेक्सिकोचा पदच्युत सेनानी सांता आना न्यूयॉर्कच्या स्टॅटन बेटावर हद्दपारीत राहत होता. त्याच्याकडून ॲडम्सला चिक्ले मिळालं, ते रबराऐवजी वापरायचं म्हणून. खेळणी, मुखवटे, पावसाळी बूट, सगळं करून बघितलं, काही जमलं नाही. मग उरलेल्या मालाच्या गोळ्या वळून विकल्या, आणि १८७१ मध्ये त्या बनवायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. रिग्ली कंपनीने पुढे १८९३ मध्ये ज्यूसी फ्रूट आणि स्पिअरमिंट आणलं आणि जाहिरातींच्या जोरावर ते जगभर नेलं. फुग्याचं च्युइंगम १९२८ चं. फिलाडेल्फियाच्या फ्लीअर कंपनीतल्या वॉल्टर डीमर नावाच्या हिशेबनिसाने फावल्या वेळात खटपट करून ते जमवलं. ते गुलाबी का, तर त्याच्या हाताशी तेवढाच रंग होता.

आणि आता तुमचा 'गम बेस'. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांच्या शिध्यात च्युइंगम गेलं, मागणी अफाट वाढली, आणि झाडं काही पटापट चीक देत नाहीत. म्हणून कारखाने प्लास्टिक-रबराच्या जातीच्या कृत्रिम पदार्थांकडे वळले. आज बहुतेक गोळ्यांत असतं ते पॉलिआयसोब्युटिलीन, पॉलिव्हिनाइल ॲसिटेट, स्टायरीन-ब्युटाडाईन रबर, सोबत मेण आणि राळ. पॉलिव्हिनाइल ॲसिटेट म्हणजे सुतार लाकूड चिकटवायला जो पांढरा गोंद वापरतात त्याचीच जात. खाण्यायोग्य दर्जाचं असतं, परवानगी असते, हे खरं. पण दोन शब्दांमागे हे सगळं झाकायची मुभा उत्पादकांना मिळते, हे मला पटत नाही.

रात्रपाळी

तुम्हा दोघांचे किती आभार मानू! मुलीला सकाळीच सांगितलं. "म्हणजे गेलं?" म्हणाली, आणि जी मोकळी झाली!

डॉक्टर, आरशासमोर करून बघितलं. उजवी गोटी डावीच्या आधी सरकते, मग अडखळते, आणि मग आवाज. उभी तीन बोटं मावतात. पाकिटावर पहिलाच घटक सॉर्बिटॉल आहे. आणि हो, मी फक्त उजवीकडेच चावतो. काल पहिल्यांदा लक्ष दिलं.

झाडपाला, सुताराचा गोंद वाचून झोप उडाली. मग त्यातून प्लास्टिक पोटात जातं का? आणि डॉक्टर, एकदम बंद करू की हळूहळू? मला खरी भीती सिगारेटची आहे. च्युइंगम गेलं आणि ती परत आली तर?

चौदा_महिने

सिगारेटच्या भीतीबद्दल मी सांगतो, कारण मी त्यातून गेलोय. माझी सुटली ती निकोटिनच्या च्युइंगमवर.

त्याची जन्मकथा पाणबुडीतली आहे. स्वीडनमधल्या पाणबुड्यांतल्या खलाशांना आत सिगारेट ओढता यायची नाही, मग ते तंबाखू तोंडात धरून वेळ भागवायचे. हे बघितलेल्या एका डॉक्टराने १९६७ मध्ये औषधकंपनीत संशोधक असलेल्या ओव्हे फेर्नो या मित्राला कळवलं की धुराविना निकोटिन देता येईल का बघ. त्यातून हे च्युइंगम तयार झालं. स्वित्झर्लंडमध्ये १९७८ ला आणि अमेरिकेत १९८४ ला त्याला परवानगी मिळाली.

पण ते साध्या च्युइंगमसारखं चावायचं नसतं, आणि हे मला सुरुवातीला कुणी सांगितलंच नाही. मी कचाकचा चावायचो, निकोटिन सगळं गिळलं जायचं. उचक्या, मळमळ, छातीत जळजळ. 'हे आपल्याला झेपत नाही' म्हणून दोनदा सोडलं आणि दोन्ही वेळा सिगारेटकडे गेलो. तिसऱ्या वेळी एका समुपदेशक बाईंनी समोर बसवून शिकवलं: सावकाश पाच-दहा वेळा चावा, जिभेला तिखट झणझणी लागली की थांबा, गाल आणि हिरडी यांच्या मध्ये ठेवून द्या. झणझणी गेली की पुन्हा थोडं चावा, दुसऱ्या बाजूला ठेवा. अर्धा तास. निकोटिन तोंडाच्या आतल्या कातडीतून रक्तात जायला हवं, पोटातून नाही. कॉफी किंवा कोला प्यायल्यावर पंधरा मिनिटं ते घ्यायचं नाही, कारण आंबट तोंडात निकोटिन शोषलं जात नाही. २ आणि ४ मिलिग्रॅम अशा दोन ताकदींत येतं, आणि साधारण तीन महिन्यांत कमी करत बंद करायचं असतं. आज मला चौदा महिने झाले.

तुम्ही निकोटिनशिवाय सोडलीत, म्हणजे शरीराची ओढ केव्हाच गेली. उरलाय तो तोंडाचा चाळा. त्याला घाबरू नका. मी ज्या वेळी हात खिशाकडे जायचा त्या वेळा लिहून काढल्या होत्या. तुम्हीही लिहा. पंधरापैकी तीन-चारच खऱ्या गरजेच्या निघतील, बाकीच्या नुसत्या हाताच्या सवयी.

दातांची_डॉक्टर

चौदा_महिने, मनापासून अभिनंदन. 'चावायचं आणि ठेवायचं' हे तुम्ही जितकं स्पष्ट लिहिलंत तितकं आम्ही डॉक्टरसुद्धा सांगत नाही.

रात्रपाळी, साधं च्युइंगम एकदम बंद केलं तरी अंगाला काही होत नाही. पण तुमची भीती रास्त आहे, म्हणून जेवणानंतरची एक आणि पहाटेच्या सगळ्यात जड तासाला एक, एवढ्या ठेवा. वीस मिनिटांचा गजर लावा. दोन्ही बाजूंनी चावा. बाकी वेळी ओठ मिटलेले, पण दात एकमेकांना न टेकलेले, जीभ टाळूला. जबड्याची विश्रांतीची जागा ती. रात्रपाळीत दर तासाला एकदा तपासा की दात आवळलेले तर नाहीत ना. संध्याकाळी कानशिलांना आणि गालांना दहा मिनिटं गरम पाण्याचा शेक. पहिला पंधरवडा जांभई येताना हनुवटीखाली मूठ धरा, म्हणजे तोंड पूर्ण फाकणार नाही.

प्लास्टिकचं विचारलंत. २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी दहा च्युइंगम तपासली, काही कृत्रिम, काही झाडाच्या चिकाची. दर ग्रॅममागे सरासरी शंभरेक प्लास्टिकचे सूक्ष्म कण लाळेत उतरले, आणि गंमत म्हणजे दोन्ही प्रकारांत जवळपास सारखेच. त्यातले बहुतेक पहिल्या आठ मिनिटांतच सुटतात. म्हणजे दर वेळी नवी गोळी काढणारा माणूस, तुमच्यासारखा, जास्त कण घेतो. 'नैसर्गिक' लिहिलेलं घ्या म्हणजे सुटलात, असं मी म्हणूनच सांगत नाही. पंधराच्या दोन करा, हे सांगते.

दोन_कुत्र्यांची_आई

मध्येच येतेय, पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांनी नीट वाचा.

वर झायलिटॉलचं कौतुक झालं. माणसाला ते चांगलं असेल, कुत्र्याला ते विष आहे. आपल्या शरीरात झायलिटॉलने इन्शुलिन फारसं वाढत नाही, कुत्र्याच्या शरीरात एकदम उसळतं आणि रक्तातली साखर अर्ध्या तासात कोसळू शकते. प्रमाण जास्त असेल तर यकृत निकामी होतं. किलोमागे दशांश ग्रॅमसुद्धा धोक्याचं.

माझी धाकटी सात किलोची आहे. सोफ्यावरच्या पिशवीतून पाकीट काढून तिने फाडलं, मी शेजारच्या खोलीत फोनवर होते. आले तर चांदीचे कागद पसरलेले आणि ती शेपूट हलवत उभी. हसू आलं मला. वीस मिनिटांनी मागचे पाय लटपटले, मग ओकली, मग जमिनीवर पडून थरथरायला लागली. पशुवैद्यांनी शिरेतून ग्लुकोज लावलं, दोन रात्री तिथेच ठेवलं. वाचली. त्यांनी मला एकच विचारलं, "पाकीट आणलंय का?" आणलं होतं, म्हणून त्यांना घटक आणि अंदाजे प्रमाण लगेच कळलं. असं कधी झालं तर वाट बघू नका, पाकीट उचला आणि निघा.

रात्रपाळी

पाच आठवड्यांनी लिहितोय.

पहिले चार दिवस वाईट गेले. चौदा_महिने यांनी सांगितल्याप्रमाणे वेळा लिहिल्या. पंधरापैकी नऊ वेळा माझा हात ड्रॉवरकडे गेला तो फक्त स्क्रीनवर काहीतरी लोड होत असताना. पाकीट ड्रॉवरमधून काढून दाराजवळच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवलं. उठून जावं लागतं म्हटल्यावर अर्ध्या वेळा मी उठलोच नाही. आता दोन गोळ्यांवर आहे, कधी एक.

पोट सहाव्या दिवशी शांत झालं. दोन वर्षं मी उगीच जागरणाला शिव्या घातल्या. कानशिलं ठणकायची थांबायला तीन आठवडे लागले. 'कट्' अजून आहे, पण रोज नाही आणि पूर्वीइतका मोठा नाही. परवा दंतवैद्यांना दाखवून आलो, त्यांनीही सांधा तपासून हेच सांगितलं की वेळ द्या. सिगारेटची आठवण एकदाच आली, तिसऱ्या दिवशी पहाटे चारला. गॅलरीत जाऊन उभा राहिलो, गेली.

झाडपाला, मुलीला चिकूच्या झाडाची गोष्ट वाचून दाखवली. तिचा प्रश्न तिच्याच शब्दांत: "त्यांच्याही आधी, अगदी गुहेतली मुलं चिंगम खायची का? आणि गिळायची का?"

झाडपाला

तिला सांगा, खायची. गुहेतलं नाही, पण समुद्रकाठच्या वस्तीतलं एक उदाहरण पक्कं माहीत आहे.

डेन्मार्कच्या लोलान बेटावर सिल्टहोम नावाच्या जागी चिखलात एक काळा तुकडा मिळाला, अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडा लहान. भूर्जाची साल तापवून काढलेला डांबरासारखा चिकट पदार्थ, आणि कुणीतरी तो चघळलेला. वय सुमारे ५,७०० वर्षं. कोपनहेगन विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांना त्यात अडकलेल्या लाळेतून चघळणाऱ्याचा सगळा डीएनए मिळाला. ते त्यांनी २०१९ मध्ये जाहीर केलं. ती एक मुलगी किंवा बाई होती. सावळी कातडी, गडद तपकिरी केस, निळे डोळे. तिला दूध पचायचं नाही. त्या तुकड्यात बदकाचा आणि हेझलनटचा डीएनएही होता, बहुधा तिने नुकतंच तेच खाल्लं असावं. शास्त्रज्ञांनी तिचं नाव लोला ठेवलं. तिचं एक हाडसुद्धा सापडलेलं नाही. चेहऱ्याचा रंग, डोळे, जेवण, सगळं त्या एका तुकड्यातून कळलं.

आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, तिने तो गिळला नाही. थुंकला, म्हणून तर आपल्याला सापडला.